नववा नंबर पिशवीचा

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. ती पिशवी बेवारस नव्हती. ती रांगेत उभी होती. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मी त्या दिवशी एका पहारेकऱ्याला, दोन पोलीस अधिकाऱ्यांना आणि गादीएवढा जाड पोशाख घातलेल्या एका माणसाला समजावून सांगायचा प्रयत्न केला. पैकी जाड पोशाखवाल्याला माझं ऐकूच येत नव्हतं. बाकीच्यांना ऐकू येत होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही.

काम मुळात एवढंसं होतं. कंपनीनं मला दोन वर्षांसाठी इकडे पाठवलंय, आणि सासूबाई महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. परत जायला पाच दिवस उरले असताना जिन्याची शेवटची पायरी संपली असं समजून त्यांनी पाय पुढे टाकला. पायरी संपलेली नव्हती. घोट्याजवळ हाड मोडलं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं आणि डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विमानात बसायचं नाही. सासूबाईंचा परवाना तीस दिवसांचा. तो वाढवून घ्यायचा म्हणजे काय, तर परवाना कार्यालयात जायचं, अर्ज द्यायचा, शिक्का घ्यायचा आणि घरी यायचं. अर्ध्या दिवसाचं काम, असं मी हिला म्हणालो. माझं हे वाक्य पुढे चार दिवस मला घरात रोज ऐकवण्यात आलं.

इथे थोडं खरं बोलायला हवं. सासूबाईंचं आणि माझं वाकडं असं काही नाही. पण सरळही नाही. त्या मला अहो-जाहो करतात, मी त्यांना आई म्हणतो, आणि एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांशी हवापाण्यावर बोलत आलोय. त्या राहायला आल्या की माझी खुर्ची, माझं वर्तमानपत्र आणि न्हाणीघराची माझी वेळ या तिन्ही गोष्टी आपोआप त्यांच्याकडे जातात. त्यांच्या परतीच्या तारखेला मी कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला होता. विसरायला नको म्हणून. हिनं तो गोल पाहिला होता. वर, पाय मोडला हे कळल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘मग तिकीट?’ माणूस घाबरला की व्यवहाराचं बोलतो, त्यात दुसरं काही नव्हतं. पण तेव्हापासून ही माझ्याशी बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलायला लागली.

“तुमच्या मनातच नाही,” ती म्हणाली, “म्हणून काम होणार नाही. बघाच तुम्ही.”

आता मला सांगा, परवाना कार्यालयाचा आणि माझ्या मनाचा काय संबंध? 

पहिल्या दिवशी डॉक्टरांचं पत्र आणलं. घरी आल्यावर सासूबाईंनी ते भिंगातून पाहिलं आणि विचारलं, की यात हा एक शब्द डावा असा आहे का? डावाच होता. मोडला होता उजवा. दुसरा दिवस डावीकडून उजवीकडे येण्यात गेला. तिसऱ्या दिवशी घरमालकाचं संमतिपत्र घेऊन आठ वाजता कार्यालयावर हजर झालो, तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, दिवसाला साठच माणसं घेतात आणि साठ कधीच झाली. मग उद्या किती वाजता येऊ? त्यानं आकाशाकडे पाहिलं. म्हणजे उजाडायच्या सुमारास, असा मी अर्थ घेतला. आणि ‘उद्या’ हा परवान्याचा शेवटचा दिवस होता.

त्या संध्याकाळी ‘अकरा वर्षंवाले’ चौकशीला आले. हे आमच्याच इमारतीत राहतात, आपल्याकडचेच, आणि इथे येऊन त्यांना अकरा वर्षं झालीत. हे मी सांगायची गरज नाही, कारण ते स्वतःच दर तिसऱ्या वाक्याला सांगतात. त्यांनी सासूबाईंच्या प्लास्टरवर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, “अकरा वर्षं बघतोय मी. उद्या दुपारी एकच्या आत शिक्का नाही पडला, तर संपलं. प्लास्टर असो नाहीतर काही असो, उद्याच्या उद्या देशाबाहेर. नाहीतर नाव काळ्या यादीत. पाच वर्षं परत पाऊल ठेवता येणार नाही.”

 सासूबाईंनी पदर सारखा केला. ही माझ्याकडे पाहत राहिली, आणि त्या पाहण्यात तो लाल गोल मला स्पष्ट दिसला.

“पाच वर्षांनी आई ऐंशीची होईल,” ही म्हणाली.

“मी पहाटे जातो,” मी म्हणालो. “नंबर लावण्यात मला कोणी शिकवू नये.”

आणि ही बढाई नव्हे. नंबर लावणं ही माझ्याकडे वडिलांकडून आलेली विद्या आहे. दूध, रॉकेल, शाळेचे अर्ज, टेलिफोनचं बिल, सगळ्या रांगा मी लहानपणापासून केल्यात. त्यातला मुख्य नियम असा, की रांगेत माणूस उभा राहत नाही, नंबर उभा राहतो. माणसाला भूक लागते, पाय दुखतात, त्याची घरी कोणी वाट बघत असतं. म्हणून माणसानं आपली पिशवी लावावी, पुढच्या-मागच्याला दाखवावी आणि खुशाल जाऊन यावं. पिशवी पुढे सरकवायचं काम मागचा माणूस करतो. आमच्याकडे एका रांगेत मी सतरा पिशव्या, दोन चपला आणि एक वीट बघितलीय, आणि माणूस एकही नाही. तरी कोणाचा नंबर चुकला नाही.

पिशवी सासूबाईंनी भरली. मोडका पाय स्टुलावर ठेवून, दोन तास. पिशवी त्यांचीच, छत्रीच्या काळ्या कापडाची त्यांनी घरी शिवलेली. कागद पावसानं भिजू नयेत म्हणून त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातले. ती पिशवी फाटली तर, म्हणून ती दुसऱ्या पिशवीत. दुसरीचं काय सांगावं, म्हणून तिसरीत. पुढे मी मोजायचं सोडलं. शिवाय ‘असू दे’ म्हणून काय काय टाकत होत्या ते मी पाहिलं नाही, कारण मी घड्याळाला गजर लावत होतो. शेवटी त्यांनी वरचे दोन्ही बंद एकत्र घेऊन त्यांची ती गाठ मारली. ही गाठ आमच्या घरात प्रसिद्ध आहे. ती फक्त त्यांनाच सुटते. त्यांच्या गाठीची बोचकी आम्ही दोनदा कात्रीनं उघडलीत, आणि दोन्ही वेळा त्या दिवसभर गप्प होत्या.

“आई, मला सुटायची नाही ही.”

“खिडकीपाशी गेलात की मला फोन करा. मी सांगेन.”

पहाटे पावणेसहाला मी रांगेत होतो. आठ माणसं पुढे, मी नववा. माझ्या मागे एक छत्रीवाल्या बाई आल्या. जाड भिंगाचा चष्मा, हातात घडीचं स्टूल, चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखा. मी मनात म्हटलं, वा! अशी बाई मागे असली की पिशवीला मरण नाही.

पाऊणएक तास सगळं ठीक होतं. मग माझ्या पोटानं नको ते सुचवायला सुरुवात केली. मी सभ्य माणूस आहे, जास्त खोलात जात नाही. एवढंच सांगतो, की चार दिवसांची काळजी कुठेतरी बाहेर पडायला बघतेच आणि तिनं निवडलेली वेळ साडेसहाची होती. कार्यालय बंद. आसपास एकही जागा नाही. पहारेकऱ्यानं चौकापलीकडच्या बाजाराच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

मी पिशवी नीट भिंतीला टेकवून ठेवली. इथली भाषा मला भाजी घेण्यापुरती, पत्ता विचारण्यापुरती आणि माफी मागण्यापुरती येते, त्यातही माफी मागणं तेवढं अस्खलित. त्यामुळे छत्रीवाल्या बाईंना मी खुणेनं सांगितलं. पिशवीकडे बोट दाखवलं, मग त्यांच्या डोळ्यांकडे, म्हणजे लक्ष ठेवा. मग हात जोडले आणि निघालो. जरा घाईत निघालो, हे मान्य करतो. पळालो म्हणा हवं तर.

कागद बरोबर का नेले नाहीत, असा प्रश्न मला त्या दिवशी पाच जणांनी विचारला. अहो, कागद काढले असते तर पिशवी रिकामी झाली असती. रिकामी पिशवी रांगेत लावणं म्हणजे लबाडी. शिवाय गाठ सुटली असती तर ना!

बाजाराची इमारत सात वाजता उघडत होती. तो अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. उघडल्यावर सफाईवाल्यानं आधी लादी पुसली, मी हात जोडून विनवत असताना शांतपणे पुसली, आणि ती वाळेपर्यंत मला दारात उभं केलं. एकूण मी मोकळा होऊन, तोंडावर पाणी मारून, एक कप चहा घेऊन परत निघालो तेव्हा पावणेआठ झाले होते. फार हलकं वाटत होतं. एवढं हलकं मला त्यानंतर दिवसभरात पुन्हा वाटलं नाही.

चौकात पिवळी पट्टी बांधलेली होती. पट्टीच्या अलीकडे दीडदोनशे माणसं, पलीकडे रिकामा रस्ता. पोलिसांच्या तीन गाड्या. कार्यालयाचं दार बंद. आणि रिकाम्या रस्त्याच्या टोकाला, भिंतीला टेकून, एकटी, काळी, माझी पिशवी. गाठीशेजारून फोनच्या चार्जरची वायर वीतभर बाहेर लोंबत होती. सासूबाईंनी ‘असू दे’ म्हणून टाकलेला चार्जर.

“काय झालं?” मी शेजारी उभ्या असलेल्या, आपल्याकडच्याच एका माणसाला विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

“कोणीतरी बॉम्ब ठेवून पळालाय,” तो म्हणाला. “आम्ही पहाटेपासून उभे. आता कार्यालय उघडतंय की नाही, देव जाणे. काय एकेक माणसं असतात!”

“खरंय,” मी म्हणालो. मला याची आजही लाज वाटते. पण मी नुसतं ‘खरंय’ म्हणून थांबलो नाही, चांगली मान हलवली आणि म्हणालो, “अशांना धरून आत टाकलं पाहिजे.”

 तेवढ्यात हिचा फोन.

“नंबर लागला का?”

“लागला.”

“कितवा?”

“नववा.” यात खोटं काही नव्हतं. पिशवी अजून नववीच होती.

“मग एवढी गडबड कसली ऐकू येतेय?”

“गर्दी आहे,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. मग गर्दीपासून लांब एका खांबाआड जाऊन अकरा वर्षंवाल्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.  

“कबूल करू नका,” ते कुजबुजले. “तुम्ही तिथे नव्हताच. सरळ घरी या. पासपोर्ट हरवला म्हणून सांगू, नवा चाळीस दिवसांत मिळतो.”

“पण परवाना आज संपतोय!”

“मग सासूबाई जातील काळ्या यादीत. तुम्ही तरी तुरुंगात जाणार नाही. आणि हे बघा, मी तुम्हाला ओळखत नाही.” फोन बंद.

मी खांबाला टेकून विचार केला. घरी जायचं. हिला सांगायचं, काम झालं नाही. ती काय म्हणणार? ‘मला माहीतच होतं.’ सासूबाई पदर सारखा करतील. आणि जन्मभर त्या दोघींना वाटत राहणार, की मी मुद्दाम केलं. तो लाल गोल मी आता कसा पुसणार? 

नऊ वाजता जाड पोशाखवाला माणूस गाडीतून उतरला. त्याच्यामागे चाकांवर एक नळीचं यंत्र आलं. भोंग्यावरून घोषणा झाली. मला भाजीपुरती भाषा येते, पण ती घोषणा मला अक्षरन् अक्षर कळली. पिशवी ज्याची असेल त्यानं दहा मिनिटांत पुढे यावं, नाहीतर पाण्याचा जोरदार फवारा मारून ती जागच्या जागी फोडण्यात येईल.

म्हणजे पासपोर्टचा लगदा. एक्स-रे, पत्र, अर्ज, सगळ्याचा लगदा. मी हात वर केला. शाळेत उत्तर नक्की येत नसताना वर जायचा तसा, अर्धाच. कोणी पाहिलं नाही. मग दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, “माझी! माझी पिशवी!”

मघाशी ज्याला मी ‘धरून आत टाकलं पाहिजे’ म्हणालो होतो, तो माणूस माझ्याकडे बघतच राहिला.

पट्टीपलीकडे नेल्यावर अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला तो ओळखपत्राचा. ओळखपत्र पिशवीत होतं. मग पिशवी तुमची कशावरून? मी म्हटलं, पिशवीत माझं ओळखपत्र आहे. ते म्हणाले, पिशवी उघडता येत नाही. आम्ही या गोल रस्त्यानं तीनदा फिरलो. मग त्यांनी छत्रीवाल्या बाईंना बोलावलं. तक्रार त्यांनीच केली होती. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “हाच तो. यानं पिशवीकडे बोट केलं, मग माझ्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं, मग शेवटचा नमस्कार केला आणि पळत सुटला.”

मला माझीच भीती वाटली.

“आत काय आहे?” धाकट्या अधिकाऱ्यानं विचारलं. मोठे मिशीवाले अधिकारी लिहून घेत होते.

“पासपोर्ट, एक्स-रे, पत्र…”

“अजून?”

“माहीत नाही. सासूबाईंनी भरलीय.”

मिशीवाल्यांचं पेन थांबलं. एका यंत्रानं पिशवीचा लांबून फोटो काढला होता, तो त्यांनी मला पडद्यावर दाखवला. “या वायरी. या दोन बॅटऱ्या. आणि हा गोल धातूचा डबा. यात काय आहे?”

मला खरंच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं मी त्या बाईंशी हवापाण्यावर बोललो होतो, त्या पिशवीत काय टाकतात हे मी कधी विचारलं नव्हतं. घरी फोन लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. “मोठ्या आवाजावर ठेवा,” मिशीवाले म्हणाले.

हिनं उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं. ती किंचाळली नाही, फक्त म्हणाली, “आई, घे.”

“आई, गोल डब्यात काय आहे?”

“सुया-दोरा,” सासूबाई म्हणाल्या. “तुमच्या शर्टाचं वरून दुसरं बटण सैल झालंय. रात्री लावून ठेवणार होते, पण तुम्ही शर्ट उशाशी घेऊन झोपलात. म्हटलं रांगेत बसल्या बसल्या लावाल. बॅटऱ्या विजेरीतल्या. का हो?”

मी ते मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं. दोन्ही अधिकाऱ्यांनी माझ्या शर्टाकडे पाहिलं. वरून दुसरं बटण एका धाग्यावर लोंबत होतं. मिशीवाल्यांनी पुढे होऊन ते बोटानं हलवून पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. ओळख पटली, असं असावं.

पण पिशवी उघडायचीच होती, तसा नियम. जाड पोशाखवाला जाऊन गुडघ्यावर बसला. पाच मिनिटं झाली, सात झाली. त्यानं हातानं खूण केली. गाठ सुटेना. कापतो. मी हे फोनवर सांगितलं मात्र, सासूबाईंचा आवाज चढला.

“कापू नका म्हणावं! गाठीच्या बरोब्बर खाली पासपोर्ट आहे, पात्यानं जाईल. त्यांना सांगा, ओढू नका. ओढली की आवळते. उजवं टोक धरून आत ढकलायचं. मग डावी वाटी, म्हणजे डावीकडचा फास, सैल होते.”

सासूबाई मला सांगत होत्या, मी अधिकाऱ्यांना, अधिकारी वॉकीटॉकीवरून त्या माणसाला. उजवं टोक. आत. नाही, आत. डावी वाटी. मग मध्येच सासूबाई थांबल्या.

“तुम्हाला धरून ठेवलंय का त्यांनी?”

“नाही आई. म्हणजे, उभं केलंय.”

“साहेबाला फोन द्या.”

“त्यांना आपली भाषा कळत नाही.”

“द्या म्हणते ना.”

मी फोन पुढे केला. सासूबाई बोलायला लागल्या, आणि मिशीवाले चक्क टोपी सरळ करून ऐकायला लागले. “हे बघा साहेब. पिशवी माझी. भरली मी. गाठ मी मारली. आमचे जावई भित्रे आहेत, धांदरट आहेत, पण मनाचे वाईट नाहीत. पहाटे चारला उठून माझ्यासाठी गेलेत. त्यांना सोडा. न्यायचं तर मला न्या. पाय प्लास्टरमध्ये आहे, उचलून न्यावं लागेल, तेवढं बघा.”

“काय म्हणाल्या?” मिशीवाल्यांनी मला विचारलं.

 माझी भाजीपुरती भाषासुद्धा गेली. “गाठ… गाठीचं सांगितलं,” मी कसाबसा म्हणालो.

आणि त्याच वेळी तिकडे गाठ सुटली. जाड पोशाखवाल्यानं एक पिशवी बाहेर काढली. तिच्यातून दुसरी. दुसरीतून तिसरी. तो प्रत्येक पिशवी उजेडात धरून बघायचा आणि रस्त्यावर ठेवायचा. पट्टीअलीकडच्या गर्दीनं चौथीपासून मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. सातव्या पिशवीतून पासपोर्ट निघाला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी जन्मात एवढ्या टाळ्या वाजलेल्या नाहीत, आणि त्या अशा वाजाव्यात.

पंचनामा झाला. ‘वस्तू सोडून जाण्याचे कारण’ या रकान्यात मला खरं कारण लिहावं लागलं. शब्द येत नव्हता, तो मिशीवाल्यांनी सुचवला आणि धाकट्या अधिकाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. कडक समज देऊन मला सोडलं तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. कार्यालय बाराला उघडलं होतं आणि एकला बंद होणार होतं. रांगेच्या शेपटाला जाऊन उभा राहिलो. पुढची डोकी मोजली. त्र्याऐंशी. दोनदा मोजली. 

“अहो! तिकडे कुठे?” छत्रीवाल्या बाई. त्या खिडकीच्या अगदी जवळ होत्या. “हा नववा आहे. माझ्या पुढचा.”

लोक कुरकुरले. पहारेकरी म्हणाला, जागेवर नव्हता, नंबर गेला. बाई स्टुलावरून उठल्या आणि आपली जबानीची प्रत त्याच्या नाकासमोर धरली. “हे पोलिसांचं लिहिलेलं आहे. पिशवी पहाटे पावणेसहापासून नवव्या जागी होती. मी स्वतः सही केलीय. आता माझी सही खोटी म्हणता का?”

पहारेकऱ्यानं कागद वाचला, शिक्का पाहिला, मग माझा दंड धरून मला त्यांच्यापुढे उभं केलं. मी बाईंची माफी मागितली. ती मला अस्खलित येते. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी स्वतः उभे राहा.”

खिडकीमागे एक शांत मुलगी बसली होती. तिनं सगळे कागद पाहिले, पत्रातला उजवा पाय पाहिला, घरमालकाची सही पाहिली. बारा पन्नास.

“वाढ दोन प्रकारची मिळते,” ती म्हणाली. “डॉक्टरांच्या पत्रावर एकवीस दिवस. नाहीतर यजमानाच्या विनंतीवर नव्वद. नव्वद हवे असतील तर तुम्हाला इथे सांगावं लागेल, की त्यांनी तुमच्या घरी राहावं ही तुमची स्वतःची इच्छा आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही. कुठले करू?”

एकवीसच ठरले होते. एकवीस मी घरी मोजूनही ठेवले होते. माझी खुर्ची, माझं वर्तमानपत्र, एकविसाव्या दिवशी सगळं परत. मी एकवीस म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, “नव्वद.”

“तुमची स्वतःची इच्छा?”

“माझी. स्वतःची.”

तिनं शिक्का मारला.

बाहेर येऊन घरी फोन लावला. “झालं,” मी म्हणालो. “नव्वद दिवस.”

“एकवीस ना?” ही म्हणाली. “नव्वद कोणी करायला सांगितले?”

“कोणी नाही. मीच केले.”

  मग फोन सासूबाईंनी घेतला.

“घाबरला होतात का हो?”

सासूबाईंसमोर मी घाबरलोय असं मी एकोणीस वर्षांत कधी कबूल केलेलं नव्हतं. जावयाला ते शोभत नाही.

“हो, आई. फार.”

“मीपण,” त्या म्हणाल्या. “पोलिसांना नाही घाबरले. मला वाटत होतं, तुम्ही एकपर्यंत कुठेतरी बसून राहाल आणि घरी येऊन सांगाल, जमलं नाही म्हणून. मी बॅगसुद्धा भरून ठेवली होती. हिला सांगितलं नाही.”

“आई, बॅग रिकामी करा,” मी म्हणालो.

“करते,” त्या म्हणाल्या.  “पण तुम्ही आलात की बॅगेवरची गाठ तेवढी तुम्ही सोडा. मी सांगते कशी ते.”